राखून ठेवलेलं हातभर चित्र

आमच्या चाचांनी आयुष्यात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. बहरैनला, मनामाच्या टॉकीजमध्ये नवा हिंदी सिनेमा लागला की तिकिटाच्या रांगेत सगळ्यात पुढे तेच असायचे. मध्यंतरात सगळ्यांना समोसे त्यांच्याकडून. पण हिरो आणि व्हिलन शेवटच्या मारामारीला समोरासमोर आले, की चाचा खुर्चीतून उठलेच. अंधारात आमच्या पायांवर पाय देत, "माफ करा हं, माफ करा," म्हणत ते बाहेर पडायचे. सिनेमा संपवून आम्ही बाहेर यावं तर हे टॉकीजसमोर खारे शेंगदाणे खात मजेत उभे. "कोण मेलं ते सांगू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य.

चहाचं तेच. कपात शेवटचा घोट ठेवायचा. ताटात शेवटचा घास ठेवायचा. कादंबरी वाचायची, पण शेवटचं प्रकरण आलं की खूण घालून कपाटात. दर दोन वर्षांनी गावी रजेवर जायचे तेही रजा संपायच्या आठवडाभर आधीच परत हजर. "अहो चाचा, रजा शिल्लक असताना कशाला आलात?" असं विचारलं तर म्हणायचे, "शिल्लक राहावी म्हणून. थोडं राखून ठेवावं. संपवलं की खलास."

आमच्यातल्या बाबलने त्यांचं नाव 'राखीव चाचा' असं ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे. समोर नाव ठेवायची कुणाची हिंमत नव्हती, कारण आमच्या मेसमधली मच्छी चाचांच्या हातची असे.

आम्ही चौघे जुफैरला एका जुन्या अरबी घरात राहायचो. जुफैर म्हटल्यावर आजच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात, पण तेव्हा आमच्या गच्चीवरून थेट समुद्र दिसायचा. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान, आम्हा सगळ्यांत वडील. मिना सलमान बंदरात एका जहाज एजंटाच्या ऑफिसात हेड क्लार्क. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि त्याच खिशात एक रबरी शिक्का. आलेला माल बघायचा आणि कागदावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. बाबल मालवणकडचा, तुबलीच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचा. तात्या साताऱ्याचे, पिकअपवर ड्रायव्हर. आणि मी ड्राफ्ट्समन. चाचा मला 'इंजिनीयर' म्हणायचे. मी दुरुस्ती करायचो नाही, ऐकायला बरं वाटायचं.

या सगळ्या राखून ठेवण्याचा कळस म्हणजे त्यांचं चित्र.

मी बहरैनला येण्याआधी कधीतरी बंदरात एक चिनी बोट लागली होती. कागदपत्रांसाठी चाचा बोटीवर गेले, तिथे बोटीच्या म्हाताऱ्या डॉक्टरशी त्यांची गाठ पडली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि इंग्रजी दोघांचीही बंदरापुरती. तरी बोट होती तोवर तो डॉक्टर रोज चाचांकडे जेवायला. जाताना त्याने स्वतःच्या हाताने काढलेलं एक चित्र दिलं. शाईने कागदावर काढलेला, गुंडाळी करून ठेवायचा डोंगर-पाण्याचा देखावा. कुठल्या तरी जुन्या उस्तादाच्या चित्रावरून त्याने बोटीवरच्या फावल्या वेळात काढलेला. मी एकदा चाचांना म्हटलं, "म्हणजे नक्कलच." तर चाचा भडकले. "गवई बंदिश गातो तेव्हा तिला नक्कल म्हणतोस काय?"

डॉक्टरने खुणांनी एक गोष्ट नीट समजावून दिली होती. चित्र एकदम उघडायचं नाही. उजवीकडून हातभर उलगडायचं, पोट भरेपर्यंत बघायचं, मग उजवं टोक गुंडाळत डावीकडे पुढचा हातभर. बाकीची विद्या चाचांनी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून मिळवली. कुणी इंग्रज साहेब देश सोडताना ते टाकून गेला होता. अर्थात त्याचंही शेवटचं प्रकरण शिल्लक होतं.

चित्र बघायचा वार शुक्रवार. चाचा नमाज पढून आले, जेवणं झाली, की हात साबणाने धुवायचे. नुसते धुवायचे नाहीत, वास घेऊन दाखवायचे. "सुरमई येतेय तुझ्या बोटांना, तात्या. जा परत." मग चटईवर पांढरी चादर आणि तिच्यावर चित्राची नळी. ही नळी मी ऑफिसातून आणून दिलेली, नकाशे ठेवायची. आणि मग ते भयंकर वाक्य: "पंखा बंद करा." कागद फडफडतो म्हणून पंखा बंद. एसीचं पाणी गळतं म्हणून एसी बंद. ऑगस्ट महिन्यात, बहरैनमध्ये! घामाचा थेंब चित्रावर पडू नये म्हणून आम्ही कपाळाला पंचे बांधून बसायचो. त्या भट्टीत चार माणसं गुडघ्यांवर वाकून गार गार धुक्याचे डोंगर बघत आहेत, असं कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर आमची रवानगी सरळ इस्पितळात झाली असती.

पहिल्या दिवशी मी सवयीने डावं टोक धरायला गेलो. चाचांनी हातावर चापट मारली. "ही काय तुझी बाराखडी आहे? उजवीकडून." त्यांना ते सोपं होतं, लहानपणापासून कुराण आणि उर्दू उजवीकडूनच वाचलेलं. मला आठवडाभर मान उलटी फिरवल्यासारखं वाटत राहिलं.

मग माझा धंदा जागा झाला. मी म्हटलं, "चाचा, याचं पर्स्पेक्टिव्ह चुकलंय. रेषा एका बिंदूला मिळत नाहीत. हा डोंगर खालून काढलाय, हा वरून, आणि हे पाणी समोरून. एक माणूस एकाच वेळी तीन ठिकाणी कसा उभा राहील?"

चाचा खूश झाले. त्यांना कुणीतरी विचारावं असंच हवं होतं. "उभा राहत नाही, चालतो. तुझ्या नकाशात माणसाला एका जागी खिळा मारून ठोकलेलं असतं. इथे पायाला मोकळीक आहे. आता सांग, तू कुठे आहेस?"

"जुफैरला."

"चित्रात कुठे आहेस?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. उत्तर दिल्याशिवाय पुढचा हातभर मिळत नसे. सुरुवातीला मी काहीतरी ठोकून द्यायचो, 'त्या झाडाखाली' वगैरे. मग ते विचारायचे, "झाडाखाली काय ऐकू येतं?" आता आली का पंचाईत! पण खोटं सांगायचं म्हटलं तरी त्या झाडाकडे जरा वेळ बघावं लागतंच. तसं बघता बघता एका शुक्रवारी मला खरोखर पाण्याचा आवाज आला. मी घाबरून नळ बंद आहे का ते बघून आलो. नळ बंद होता. चाचांनी मला पुढचा हातभर उलगडून दिला.

बाबलची तक्रार वेगळी. "ह्यां अर्धा पांढरा कित्याक सोडल्यानी? शाई संपली काय चिन्याची? आमच्या गॅरेजात असो पॅच ऱ्हवलो तर फोरमन माका घराक धाडीत."

"ते धुकं आहे, बाबल."

"धुक्याक काय रंग नसता?"

"असतो. कागदाचा." चाचा बोट न टेकवता हवेतूनच दाखवायचे. "त्याने डोंगर काढला आणि मधला भाग राखून ठेवला. तो तू भरायचास, मनातून. सगळं त्यानेच भरलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

बाबलला हे पटलं नाही. पण एकाच काळ्या शाईचे इतके प्रकार बघून धंद्यातला माणूस विरघळला. कुठे पाणी जास्त, कुठे ब्रश कोरडा ओढलेला, कुठे ओल्यावर ओलं टाकून पसरू दिलेलं, हे तो आम्हाला समजावू लागला. "एक डबो रंग आणि एवढे शेड! हो चिनो आमच्याकडे आसतो तर फोरमनाची छुट्टी होती."

पांढऱ्याचं कोडं मात्र त्याला डोंगरावर सुटलं. बहरैनमध्ये डोंगर म्हणजे एकच, जबल दुखान. धुराचा डोंगर. आमच्या सह्याद्रीतल्या एखाद्या टेकडीनेही त्याला 'बाळ' म्हटलं असतं. चाचांच्या पुस्तकात लिहिलं होतं की डोंगर तीन तऱ्हांनी बघायचा. पायथ्याशी उभं राहून वर. समोरून त्याच्या पाठीमागे डोकावून. आणि जवळून दूरवर, सपाट नजरेने. पुस्तकात आहे म्हटल्यावर करून बघणं आलंच. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी तात्यांच्या पिकअपमध्ये थर्मास, खिमा-पाव आणि चटई टाकून आमची वरात निघाली.

पायथ्याशी पोचल्यावर चाचा म्हणाले, "झोपा."

"आरं, आत्ताच तर आलो न्हवं," तात्या म्हणाले.

"उताणे झोपा आणि वर बघा. त्याशिवाय हा डोंगर उंच दिसणार नाही."

आम्ही झोपलो. खरं सांगतो, त्या टेकडीचा हिमालय झाला. वाटेने एक मोटार चालली होती, तिच्यातल्या अरबाला वाटलं अपघात झालाय. तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला. चाचांनी त्याला अरबीत काय सांगितलं देव जाणे. तो माणूस डोक्यावरचं फडकं सावरत आमच्या शेजारी उताणा झोपला. थोड्या वेळाने "यल्ला," म्हणजे चला, म्हणत उठला, आमच्याबरोबर खिमा-पाव खाल्ला आणि गेला.

तेवढ्यात वारा पडला. धूळ आणि दमट हवा यांचा एक पांढरा पडदा कुठूनसा आला आणि डोंगराच्या कमरेला बसला. खालचे दगड दिसत होते, वरचं टोक दिसत होतं, मधला डोंगर गायब. टोक हवेत तरंगत होतं.

"आता दिसला!" बाबल ओरडला. "चाचानूं, ह्यां तां पांढरा! डोंगर थंयसर आसा, पण दिसणा नाय! म्हणून मोठो वाटता!" आणि त्याने चाचांना असं काही उचललं की थर्मास लवंडला. वाटेत परत येताना चौघेही मोठमोठ्याने गाणी म्हणत होतो. परदेशातल्या माझ्या सगळ्या वर्षांत इतका आनंद मला फार थोड्या दिवशी झाला आहे.

पण आमच्या मेसमधला खरा वाद डोंगराचा नव्हता, माणसाचा होता.

चित्रात उजवीकडे, म्हणजे सुरुवातीला, पाण्याकाठी एक वस्ती होती. पाच-सात छपरं, काठाला लागलेल्या होड्या. मग झाडी. मग ओढ्यावर एक साकव, लहानसा लाकडी पूल, आणि त्या साकवावर एक माणूस. तांदळाच्या दाण्याएवढा. टोपी, हातात काठी आणि पाठीवर गाठोडं. मी ऑफिसातून भिंग आणून बघितलं, तरी त्याचं तोंड कुठे आहे ते कळत नव्हतं. टोपीखाली आणि गाठोड्याभोवती सगळी शाईच.

चाचांचं म्हणणं, तो घर सोडून निघालाय. वस्ती मागे राहिली, पुढे डोंगर. "सगळं मागे टाकून चाललाय बेटा. मजेत आहे. कुणाला जवाब द्यायचा नाही." बाबल आणि तात्यांचं म्हणणं, तो वस्तीकडे परत येतोय. मी दोन्ही बाजूंनी बोलायचो. माझी रजा जवळ आली की तो माणूस परतत असायचा. रजेवरून आलो की तो घर सोडून निघालेला असायचा. या वादात जेवणं गार व्हायची. एकदा तात्या रागाने दोन दिवस चाचांशी बोलले नाहीत, एका दाण्याएवढ्या चिनी माणसापायी!

"पुढचं उघडा ना चाचा," आम्ही म्हणायचो. "पुढे कळेल."

कारण चित्र आम्ही कधी पुरतं पाहिलंच नव्हतं. साकव, मग धबधबा, मग मोठा डोंगर, मग धुकं. तिथे चाचांचा हात थांबायचा. शेवटचा हातभर कागद दांडीला गुंडाळलेलाच. तो त्यांनीही पाहिलेला नव्हता.

"तो राखीव," चाचा म्हणायचे. "बहरैन कायमचं सोडीन त्या दिवशी उघडीन. शेवट बघितला की परत जावंच लागतं."

आणि बहरैन कधी सोडणार? "पुढच्या वर्षी, इंशाल्ला." मी आलो तेव्हा पुढच्या वर्षी होतं आणि अनेक वर्षं ते पुढचंच राहिलं. तिकडे खाडीकाठी त्यांच्या बायको, आमच्या भाभी, एकट्या. मूल नव्हतं. उर्दू शाळेत हेडमास्तरीण होत्या, पण घरी आल्यावर चार भिंती. आम्हाला हे कळत होतं, मला तर चाचांचा कधीकधी रागच यायचा. पण ते गेले तर शुक्रवार गेला, चित्र गेलं आणि सुरमईही गेली. त्यामुळे 'जा' असं कुणी त्यांना म्हणत नव्हतं. चित्र लवकर उघडावं असं वाटायचं आणि उघडूच नये असंही वाटायचं.

शेवटी भाभीच आल्या. ऐंशी साल उलटून गेलं होतं. मे महिन्याची सुट्टी लागली आणि त्या व्हिजिट व्हिसावर विमानातून उतरल्या. बरोबर कोकम, सुकट, फणसाची साठं आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या माणसाचा भाव. पहिल्याच दिवशी आमचं स्वयंपाकघर बघून म्हणाल्या, "हे कोण धुतं?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून मेसमध्ये शिस्त आली. चाचांच्या कपातला शेवटचा घोट बघून त्या रोज म्हणायच्या, "हा कुणासाठी?" चाचा हसून विषय बदलायचे.

चाचांनी त्यांना एकच ताकीद दिली होती. "त्या नळीला हात लावू नको." हेडमास्तरीणबाईंना असं सांगणं म्हणजे आपण होऊन निमंत्रण देणंच.

शुक्रवार होता. चाचा नमाजाला गेले होते. भाभींनी गच्चीवरून हाक मारली, "अरे, दोघे-तिघे वर या, धरायला माणूस पाहिजे!" आम्ही वर गेलो आणि जिन्याच्या तोंडाशीच थिजलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत भाभींनी लांबच लांब चटई अंथरली होती. एका बाजूला त्यांची सुकट वाळत होती. आणि चटईवर चित्र. उजव्या टोकावर मसाल्याची बरणी, मध्ये मिठाची, त्याच्यापुढे कोकमाची. त्या शेवटची गुंडाळी सोडत होत्या.

"भाभी, नको!" मी ओरडलो.

"नको काय? वास आलाय कागदाला. आत कसर लागली असती तर काय केलं असतं? धर हे टोक."

मी टोक धरलं आणि डोळे गच्च मिटले. बाबल पाठमोरा झाला. तात्या आकाशाकडे बघू लागले. इतकी वर्षं वाट बघितली होती, पण चाचांच्या आधी बघायचं म्हणजे उपास मोडून नैवेद्याआधी जेवल्यासारखं वाटलं.

"मुलगी बघायला आलायत काय रे? लाजताय कशाला?" भाभी म्हणाल्या. त्यांनी शेवटचा हातभर सपाट केला आणि त्यावर तेलाची बाटली ठेवली.

तेवढ्यात जिन्यावर चाचांची चप्पल वाजली.

मी डोळे किलकिले केले. चाचा वर आले, चटई पाहिली, आणि सिनेमाला उठायचे तसे ताडकन मागे वळले. तोंड भिंतीकडे.

"अवो, इकडे बघा," भाभी म्हणाल्या.

"गुंडाळ ते. आधी गुंडाळ."

"हा साकवावरचा माणूस कुठे चाललाय?"

वाद म्हटल्यावर चाचांना राहवेना. भिंतीला तोंड करूनच म्हणाले, "डोंगरात. घर सोडून."

"कशावरून?"

"वस्ती मागे आहे त्याची."

"ती वस्ती नव्हे, बाजार आहे. होड्या लागल्यात, बंदर आहे ते. आणि पाठीवर एवढं गाठोडं घेऊन घरातून कोण निघतो? घरातून माणूस मोकळ्या हाताने जातो. ओझं घेऊन येतो." भाभींचा आवाज वर्गातला झाला. "अर्धाच धडा वाचून उत्तर लिहिलंत तर मी मार्क देणार नाही. पुढे चला."

चाचा वळले. साकवापाशी आले. मग पायातली चप्पल काढून, चटईच्या कडेकडेने, चित्राबरोबर चालू लागले. धबधबा. मोठा डोंगर. धुकं. धुक्यापाशी पाय अडले. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं.

आम्हीही मग पाहिलं. धुक्याच्या पलीकडे एक झोपडी होती. बाजूला बांबूंची बेटं, छपरातून धुराची एक अगदी फिकट रेघ. आणि दारात कुणीतरी उभं. साकवावरच्या माणसाएवढंच, दाण्याएवढं. तोंड मात्र कुठे आहे ते भिंगाशिवाय कळत होतं. वाटेकडे.

बाबलचा, तात्यांचा, माझा, सगळ्यांचाच हिशेब चुकला होता. साकवावरचा माणूस घर सोडून जातही नव्हता आणि बंदराकडे परतही येत नव्हता. बंदरावरून निघून, तो सगळा डोंगर ओलांडून तो घरी चालला होता. आणि आम्ही त्याला वर्षानुवर्षं त्या साकवावर अडवून धरलं होतं.

भाभी दारातल्या त्या दाण्याकडे बघत होत्या. साध्या आवाजात म्हणाल्या, "उभं राहून राहून पाय दुखले असतील हिचे."

चाचा खालीच बसले. मला रडू येत होतं आणि सुकटीचा वास येत होता. मग चाचांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते. आधी गालात, मग जोरात, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अगं," ते भाभींना म्हणाले, "मी याला मजेत ठेवलं होतं ना! कुणाला जवाब द्यायचा नाही म्हणून!" भाभीही हसायला लागल्या. मग आम्ही सगळेच.

चित्राच्या कडेला त्या डॉक्टरचा एक लाल शिक्का होता. चाचांनी आम्हाला पूर्वीच सांगितलं होतं की त्या देशात ज्याने चित्र मनापासून पाहिलं, तो शेजारी आपला शिक्का उमटवतो. जुन्या चित्रांवर असे कितीतरी असतात. "मग तुम्ही मारा की तुमचा," असं मी म्हटलं की म्हणायचे, "सगळा माल बघितल्याशिवाय मी शिक्का मारत नाही." आता त्यांनी खिशातून ऑफिसचा रबरी शिक्का काढला. पॅड नव्हतं. क्लार्क लोक करतात तसा तोंडाजवळ नेऊन त्यावर 'हा' करून वाफ सोडली आणि झोपडीच्या पलीकडे कोऱ्या कागदावर हलकेच दाबला. जांभळी, फिकट अक्षरं उमटली. 'माल सुस्थितीत पोचला' अशा अर्थाचा तो इंग्रजी शिक्का होता.

"चाचानूं, ह्यां काय केल्यात!" बाबलने कपाळावर हात मारला.

"पोचला," चाचा म्हणाले.

खाली येऊन भाभींनी चहा दिला. चाचांनी कप रिकामा केला आणि उपडा करून बशीत ठेवला. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या, तर भाभी म्हणाल्या, "सगळेच वेडे आहेत इथे."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी भाभी परत गेल्या. चाचांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. ऑफिसने नवा माणूस मिळेपर्यंत थांबवून घेतलं. तोवर ते एकेक गोष्ट संपवत सुटले. कपाटातल्या सगळ्या कादंबऱ्यांची शेवटची प्रकरणं वाचली आणि निम्म्या लेखकांना शिव्या दिल्या. एका शुक्रवारी पहिल्यांदाच सिनेमा शेवटपर्यंत बसून पाहिला. बाहेर येऊन म्हणाले, "एवढंच? मी मनातल्या मनात यापेक्षा चांगले शेवट केले होते." मच्छीचा मसाला कसा वाटायचा ते मात्र मला नीट शिकवून गेले, काहीही राखून न ठेवता.

हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही त्यांना पोचवायला मुहर्रकच्या विमानतळावर गेलो. ट्रंक आधीच सामानात दिली होती. तरी एका हातात थर्मास, दुसऱ्यात छत्री, ती टेकत टेकत चाललेले. पाठीला दोरीने बांधलेलं ब्लँकेटचं भलंमोठं गाठोडं आणि त्यावर आडवी नकाशांची नळी. तात्या डोळे पुसत होते. चाचा म्हणाले, "रडता कशाला? उताणे झोपा, म्हणजे मी उंच दिसेन." मग आमच्या पाठीवर एकेक थाप मारून ते आत गेले.

काचेपलीकडे, विमानाकडे जाणाऱ्या वाटेवर ते पुन्हा दिसले. ओझ्याने थोडे वाकलेले, डोक्यावर टोपी, पाठमोरे. लांब जाता जाता दाण्याएवढे झाले. एवढ्या लांबून तोंड कुठे आहे ते काही कळत नव्हतं.

"बेगीन जाऊंदे," बाबल म्हणाला. "थंय पाय दुखतत कोणाचे तरी."

तो माणूस जातोय की येतोय, यावर त्या दिवशी आमच्यात वाद झाला नाही.